पाठ वळवल्याची सही : परिचारिकेचे चारित्र्य आणि रुग्णालयाशी तिची बांधिलकी

मासुंदा

गेल्या महिन्यात नवी मुंबईतील एका नर्सिंग महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाह्य परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला मी विचारले, की चांगली परिचारिका कशी ओळखावी. ती लगेच म्हणाली, ‘‘जी आपले रुग्णालय सोडून जात नाही, ती.’’ हे उत्तर तिला कोणीतरी शिकवलेले होते हे दिसतच होते, आणि त्या क्षणी ते चूक म्हणून खोडून काढावे असेही मला वाटले नाही. मात्र वाशीहून ठाण्याची गाडी पकडली तेव्हापासून ते उत्तर मनातून जात नाही, म्हणून या मंचावर हा चर्चेचा धागा काढते आहे.

मी ठाणे जिल्ह्यात शासकीय सेवेत ३३ वर्षे काढली. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून रुजू झाले आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. त्या मुलीच्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर मी उत्तम परिचारिका ठरते. पण माझ्याबरोबर तितकीच वर्षे काढलेल्या एकदोघींच्या हाती मी माझ्या घरचा रुग्ण सोपवला नसता, आणि दोनच वर्षांत राजीनामा देऊन गेलेल्या एका मुलीचे नाव आजही आमच्या वॉर्डातल्या मावशी काढतात. तेव्हा टिकून राहणे आणि चांगले असणे या दोन गोष्टींचा संबंध असला, तरी तो इतका सरळ नाही.

चारित्र्य हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. रात्रपाळी करणाऱ्या बाईच्या बाबतीत हा शब्द आपल्या समाजाने फार वाईट अर्थाने वापरला, आणि माझ्या पिढीतल्या कित्येकींची लग्ने त्यापायी अडली. मला अभिप्रेत आहे तो त्याचा मूळ अर्थ, म्हणजे आचरण. परिचारिकेचे आचरण नेमके कुठे दिसते ते एका साध्या कागदावरून सांगते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते: डावी कूस, उताणे, उजवी कूस. तसे केले नाही तर माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यावर अंगाचाच भार पडून तेथील रक्तप्रवाह अडतो व कातडी मरते. त्यालाच आपण बेडसोर म्हणतो. सुरुवातीला नुसता लालसर चट्टा दिसतो. त्यावर बोट दाबून उचलले आणि चट्टा क्षणभर पांढरा झाला नाही, लालच राहिला, तर समजावे की नुकसान सुरू झालेले आहे. हे सगळे टाळण्यासाठी खाटेच्या पायथ्याशी पोझिशनचा तक्ता लावलेला असतो आणि त्यात रात्री १०, १२, २, ४, ६ अशा वेळांपुढे सही करायची असते.

मी इन्चार्ज झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सकाळी सात वाजता वॉर्डात गेले आणि एका अर्धांगवायूच्या आजोबांचा तक्ता पाहिला. पाचही सह्या होत्या. एकाच पेनाच्या, एकाच तिरकेपणाच्या, एका दमात केलेल्या. मी काही बोलले नाही. पाठीखाली हात घातला तर चादर घामाने चिकटलेली होती आणि तिच्या चुण्या जशाच्या तशा पाठीवर उमटलेल्या होत्या. रात्रभर आजोबांना कोणी हलवलेले नव्हते. कागद एक सांगत होता आणि पाठ दुसरेच सांगत होती. त्या दिवसापासून वॉर्डाची फेरी घेताना मी आधी पाठ पाहिली आणि मग कागद.

परिचारिकांच्या बांधिलकीचा विषय निघाला की मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण येणे अपरिहार्य आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्या आवारातच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला, आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा रुग्णालयाने सांगितले, की इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झालेला नाही. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली आणि या परिचारिकांचा गौरव केला. अरुणाताईंना न्हाऊमाखू घालणाऱ्या पुढच्या पिढ्यांतील बहुतेक मुलींनी त्यांना हिंडताफिरताना कधीच पाहिले नव्हते. कित्येकींचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्या पाठीवरची काळजी एका पाळीतून दुसऱ्या पाळीकडे आणि एका पिढीकडून दुसरीकडे सोपवली गेली. संस्थेशी बांधिलकी म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन.

पण त्याच शहरात, आणि आपल्या ठाण्यात व नवी मुंबईतही, पाचही सह्या एका दमात होतात हेही खरे आहे. असे का होते? मुलींचेच आचरण बिघडले आहे, की ज्या संस्थेत त्या काम करतात तिने काही बिघडवले आहे? येथे परिचारिका, डॉक्टर, व्यवस्थापनातील मंडळी आणि रुग्णांचे नातेवाईक सगळेच आहेत. प्रत्येकाने स्वतःचा अनुभव सांगावा, ही विनंती.

रबाळे

मासुंदाताई, तुमचा धागा मी रात्रपाळीहून घरी आल्यावर वाचला आणि झोपायच्या आधी लिहिते आहे, कारण त्या एका दमात केलेल्या सह्यांपैकी काही माझ्याही आहेत.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, केली आणि नवी मुंबईतील एका खासगी रुग्णालयात लागले. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. जनरल वॉर्डात रात्री आम्ही दोघी असू आणि रुग्ण २६ ते २८. एखादी रजेवर गेली तर मी एकटी. त्यांपैकी सहा-सात तरी पूर्णपणे खाटेवरचे. एका जड माणसाची कूस एकटीने बदलता येत नाही, दोघी लागतात, आणि चादर ओढून, उशी लावून, कॅथेटरची नळी अडकली नाही ना हे पाहून नीट वळवायचे म्हटले तर पाच-सात मिनिटे जातात. सात रुग्णांचे पाऊण तास झाले. पाऊण तास दर दोन तासांनी. मधल्या वेळेत रात्री १० ची औषधे, १२ ची इंजेक्शने, संपत आलेली सलाईन, नव्याने आलेला रुग्ण, त्याच्या तपासण्यांचे नमुने, आणि सकाळी सहाच्या आत सर्वांचे बीपी, नाडी, ताप. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आम्हाला अभ्यासक्रमात शिकवले होते: सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ. परीक्षेत ते लिहून मी गुण मिळवले होते.

पहिले दोन महिने मी तक्त्यात खरे लिहिले. ज्या वेळी वळवता आले नाही त्या वेळेपुढे लिहिले, की ‘सोबत कोणी नसल्याने कूस बदलता आली नाही’. तिसऱ्या महिन्यात मला नर्सिंगच्या कार्यालयात बोलावून सांगण्यात आले, की तक्ता हा कायदेशीर कागद आहे, त्यात असले काही लिहून तू रुग्णालयाला अडचणीत आणते आहेस, आणि यापुढे असे लिहिलेस तर लेखी मेमो मिळेल. त्याच बैठकीत मला संस्थेबद्दल आपुलकी नाही, असेही सांगण्यात आले. त्यानंतर मी सह्या करू लागले. सकाळी साडेसहाला, एका दमात.

ताई, त्या काळात मला रुग्णालयाचा राग येत नव्हता. स्वतःचाच येत होता. घरी येऊन झोप लागत नसे, डोळे मिटले की हाताखाली कोणाची तरी पाठ असल्यासारखे वाटे. वर्षभराने एका आजींच्या माकडहाडाची जखम हाडापर्यंत गेली, आणि त्यांच्या मुलाने तक्ता मागितला तेव्हा त्यावर सगळ्या सह्या होत्या, त्यांत माझ्याही. त्या महिन्याच्या अखेरीस मी राजीनामा दिला. बॉण्डचे, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचे, सहा महिने उरले होते, मूळ प्रमाणपत्रे त्यांच्याकडे होती आणि ती सोडवण्यासाठी वडिलांनी कर्ज काढले. जाताना मला पुन्हा तेच ऐकवण्यात आले, की आजकालच्या मुलींना निष्ठा नाही.

मला येथील जाणत्यांना एवढेच विचारायचे आहे. मी टिकले असते तर माझे चारित्र्य चांगले ठरले असते का?

पारसिक

रबाळेताई, मी परिचारिका नाही. माझी आई कळव्याला सव्वा महिना रुग्णालयात होती. एका सिस्टरने एका रात्री मला जागे करून म्हटले होते, ‘‘दादा, उठा, मला हात द्या, आईंना वळवायचे आहे.’’ तेव्हा मला वाटले, की हे काम तिचे आहे, मला का उठवते. आज तुमचा प्रतिसाद वाचून कळले, की ती त्या वेळी एकटी होती आणि तरीही सही खरी व्हावी म्हणून तिने मला उठवले. तिचे नावही मी विचारले नव्हते.

येऊर

मी घोडबंदर रस्त्यावरील एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात व्यवस्थापन पाहतो. या धाग्यावर माझ्यासारख्याने लिहिणे सोपे नाही, तरी दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते.

आमच्याकडे नव्याने आलेल्या परिचारिकेला स्वतंत्रपणे अतिदक्षता विभाग सांभाळता येण्यास सहा ते आठ महिने लागतात. या काळात ज्येष्ठ सिस्टर तिच्यासोबत उभ्या राहतात, म्हणजे एका कामाला दोन माणसांचा वेळ जातो. ती तयार झाली की वर्ष-दीड वर्षात परदेशी जाते, मोठ्या साखळी रुग्णालयात जाते किंवा शासकीय भरतीत लागते. त्यानंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि त्या मधल्या काळात रुग्णाच्या वाट्याला अनुभवी हात येत नाही. बॉण्डची पद्धत वाईट आहे हे मला मान्य आहे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे तर सर्वस्वी चूक आहे आणि आम्ही ते करीत नाही. पण सोडून जाणाऱ्या प्रत्येकीचा विवेक दुखावलेला असतो असे मानणेही वस्तुस्थितीला धरून नाही. पुष्कळ जणी दोन हजार रुपये जास्त मिळाले म्हणून रात्रीतून जातात, पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवण्याचा हँडओव्हरसुद्धा न देता. त्याला आपण काय म्हणावे?

पगाराबद्दलही प्रामाणिकपणे लिहितो. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती, की २०० पेक्षा अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचे वेतन शासकीय परिचारिकेइतके असावे, १०० पेक्षा अधिक खाटा असतील तर ते १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे, ५० ते १०० खाटांसाठी ही मर्यादा २५ टक्क्यांची असावी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये द्यावेत. आमच्याकडे ही शिफारस आजही पूर्णपणे पाळली जात नाही. विमा कंपन्यांनी ठरवलेले दर आणि जागेचे भाडे यांची कारणे मी देऊ शकतो, पण ती कारणे वॉर्डात उभ्या असलेल्या मुलीला सांगण्याची मला लाज वाटते.

खारीगाव

मी मानसशास्त्र शिकवते आणि कामाच्या ठिकाणची बांधिलकी हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून रबाळेताईंचा प्रश्न आणि येऊर यांची तक्रार एकत्र ठेवून काही लिहिते.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या कॅनडातील अभ्यासकांनी १९९१ मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन घटक मांडले, आणि आजही परिचारिकांवरील पुष्कळसे संशोधन याच मांडणीवर उभे आहे. मी विद्यार्थ्यांना ते तीन मराठी शब्दांत सांगते: ओढ, ऋण आणि अडकणूक. ओढ म्हणजे मला येथे राहावेसे वाटते, ऋण म्हणजे मी येथे राहायला हवे असे वाटते, आणि अडकणूक म्हणजे सोडले तर नुकसान होईल म्हणून मी राहते. तिघींनाही हजेरीपटावर एकच खूण मिळते, पण रुग्णाच्या खाटेशी त्या तीन वेगळ्या परिचारिका असतात. ज्यांना ओढ असते त्या कामात जास्त जीव ओततात असे अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. निव्वळ अडकलेल्या माणसाच्या कामाबद्दल तसे म्हणता येत नाही, किंबहुना काही अभ्यासांत उलटच दिसते. बॉण्ड आणि अडकवलेली प्रमाणपत्रे फक्त तिसरा प्रकार वाढवतात. येऊरसाहेब, तुम्ही ती पद्धत ठेवली नाही हे चांगलेच केले, पण ओढ निर्माण होण्यासाठी काय ठेवले आहे, हा प्रश्न उरतोच.

दुसरा मुद्दा व्यावसायिकतेचा. रिचर्ड हॉल यांनी १९६८ मध्ये व्यावसायिक वृत्तीची जी लक्षणे मांडली त्यांत सेवेवरील श्रद्धा आणि कामाची आंतरिक हाक ही दोन तर आहेतच, पण त्याचबरोबर स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची मुभा आणि आपल्या कामाची पारख आपल्याच व्यवसायातील माणसाने करावी हा आग्रह, हीसुद्धा आहेत. म्हणजे खऱ्या व्यावसायिक माणसाची पहिली निष्ठा व्यवसायाच्या कसोटीशी असते. त्याआधी, १९५७ मध्ये, ॲल्विन गोल्डनर यांनी संस्थेतील माणसांचे दोन गट दाखवले होते: एक संस्थेला धरून राहणारे आणि दुसरे व्यवसायाला धरून राहणारे. संस्थेची मागणी आणि व्यवसायाची कसोटी एकाच दिशेने जात असेल तेव्हा दोन्ही गटांत फरक जाणवत नाही. त्या दोन दिशांना गेल्या, की उत्तम परिचारिकाच आधी अस्वस्थ होते, कारण जिला कसोटीच माहीत नाही तिला टोचणार काय?

रबाळेताईंना झोप न येणे, हाताखाली पाठ असल्यासारखे वाटणे, यालाही अभ्यासात नाव आहे. अँड्र्यू जेम्टन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भातच ते लिहिले. योग्य काय आहे हे ठाऊक असते, पण संस्थेच्या अडसरामुळे ते करता येत नाही, तेव्हा जो क्लेश होतो त्याला नैतिक क्लेश म्हणावे, असे त्यांनी सुचवले. हा क्लेश आणि थकवा एक नव्हेत. थकवा रजेने जातो.

रबाळेताई, तुमचा राजीनामा हा तुमच्या व्यावसायिकतेचा परिणाम होता, तिचा अभाव नव्हे. मात्र त्याआधीच्या सह्यांबद्दल मी तुम्हाला दिलासा देणार नाही. तुम्हीही तो मागितलेला नाही, आणि म्हणूनच तुमच्या लिहिण्याबद्दल मला आदर वाटतो.

नेरुळ ब्रदर

मी पुरुष परिचारक आहे. नेरुळला राहतो आणि सध्या जर्मन भाषेच्या बी-टू पातळीची तयारी करतो आहे, कारण तेथे परिचारक म्हणून मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे ती पातळी लागते. येऊर यांनी परदेशी जाणाऱ्यांबद्दल लिहिले म्हणून माझेही सांगतो.

पगार हे कारण आहेच आणि ते लपवण्यात अर्थ नाही, कारण घरी दोन बहिणींची शिक्षणे आहेत. पण त्याच्या जोडीला दुसरेही आहे. साडेचार वर्षांच्या नोकरीत मला कोणी कधी विचारले नाही, की या रुग्णाबद्दल तुला काय वाटते. एका रुग्णाचे श्वास वाढत चालले आहेत असे मी रात्री तीन वेळा फोनवर सांगितले, तरी ‘सकाळी पाहू’ असेच उत्तर मिळाले. सकाळी त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले. नोंदीत माझ्या तीनही फोनच्या वेळा होत्या, पण पुढच्या बैठकीत चर्चा झाली ती एवढीच, की त्या वेळा नोंदवण्याची गरज होती का.

१९८३ मध्ये अमेरिकेतील परिचर्या अकादमीने ज्या रुग्णालयांना परिचारिका सोडून जात नाहीत अशी ४१ रुग्णालये शोधून ती कशामुळे टिकतात याचा अभ्यास केला, आणि त्यांना चुंबकासारखी रुग्णालये म्हटले गेले. तेथे परिचारिकांच्या मताला किंमत होती, नर्सिंगचे प्रमुख निर्णयप्रक्रियेत बसत होते आणि मनुष्यबळ पुरेसे होते. त्या मुली आपल्या मुलींपेक्षा चारित्र्याने थोर होत्या असे तो अभ्यास कुठेही म्हणत नाही. मला राहावेसे वाटणारे असे ठिकाण ठाण्यात मिळाले असते तर मी जर्मन शब्दांची लिंगे पाठ करत बसलो नसतो.

मासुंदा

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. रबाळे, तुला अगं म्हणते, माझ्या मुलीपेक्षा तू लहान असशील. तू सह्यांचे लिहिलेस त्याला धैर्य लागते, आणि मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवू इच्छित नाही. आजोबांच्या त्या तक्त्यावर ज्या मुलीच्या सह्या होत्या तिला मी तेव्हा सर्वांदेखत बोलले होते. त्या रात्री तिच्या वॉर्डात किती रुग्ण होते हे मी विचारलेच नाही. पुढे कितीतरी दिवसांनी रजिस्टर चाळताना कळले, की ४० खाटांच्या वॉर्डात ५२ रुग्ण होते, जमिनीवर गाद्या टाकलेल्या होत्या आणि ती एकटी होती. पाठ पाहायला मी शिकले होते, पण पाठ आणि कागद यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मुलीकडे पाहायला शिकायला मला आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत तिची बदली झाली होती. तिची माफी मागायची राहिली.

येऊरसाहेब, हँडओव्हर न देता जाणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. संस्था कितीही वाईट वागली तरी पुढच्या पाळीच्या परिचारिकेला ‘सात नंबरला पोटॅशियम चालू आहे, लक्ष ठेव’ एवढे न सांगता निघून जाणे हा रुग्णाशी केलेला घात आहे, आणि त्यासाठी पगाराचे कारण चालणार नाही. राजीनामा व्यवस्थापनाला द्यायचा असतो, रुग्णाला नव्हे. हे मी विद्यार्थिनींना स्पष्टपणे सांगते.

पण तुम्हालाही एक सांगते. पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांची पाहणी करताना त्यांना आढळले, की एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका कामाने पोळून निघण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. चारच्या जागी पाच रुग्ण झाले तर काय होते, त्याची ही मोजदाद आहे. रबाळेकडे चौदा होते आणि कधी अठ्ठावीस. तेथे निष्ठेवर भाषणे देण्यापूर्वी निष्ठेला उभे राहायला जागा तरी आहे का, हे पाहावे लागेल.

तुम्ही विचाराल, की उद्याच्या उद्या मी काय करू शकतो. पगार आणि भरती तुमच्या एकट्याच्या हातात नाही, हे मला कळते. पण तक्ता तुमच्या हातात आहे. पोझिशनच्या तक्त्यात सहीच्या शेजारी ‘झाले नाही’ आणि ‘कारण’ असे दोन रकाने वाढवा, आणि लेखी जाहीर करा, की त्या रकान्यात लिहिल्याबद्दल कोणालाही मेमो मिळणार नाही. खरे लिहिणारीला आज तुमच्याकडे जागाच नाही. ती करून द्या.

रबाळे

ताई, मी आता ठाण्यात दुसऱ्या रुग्णालयात लागले आहे. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे आणि रोज रबाळ्याहून ठाण्याला यावे लागते. पहिल्या रात्रपाळीनंतर सकाळी इन्चार्ज सिस्टर आल्या. मी तक्ता पुढे केला, तर त्यांनी तो न बघताच विचारले, ‘‘रात्री कोणाची पाठ राहिली?’’ मी सांगितले, अकरा नंबरच्या काकांची, चारची. त्या म्हणाल्या, ‘‘चल, आधी त्यांना बघू,’’ आणि स्वतः चादरीचे दुसरे टोक धरले. नेरुळचे दादा चुंबकाबद्दल लिहीत होते, तेव्हा मला त्या टोकाची आठवण झाली. किती वर्षे राहीन ते माहीत नाही, पण सध्या जाहिराती बघणे बंद केले आहे.

येऊर

दीड महिन्याने लिहितो आहे. धागा वर आल्याबद्दल क्षमस्व.

मासुंदाताईंनी सुचवलेले दोन रकाने आम्ही एका मजल्यावर सुरू केले. मेमो मिळणार नाही असे परिपत्रकही काढले. अधिसेविकांचा, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांचा, याला विरोध होता, कारण रुग्णालयाच्या मान्यतेच्या तपासणीत असा तक्ता दिसला तर काय उत्तर द्यायचे, असा त्यांचा प्रश्न होता. मी तपासणीची जबाबदारी माझ्या सहीने घेतली. पहिले तीन आठवडे ते दोन्ही रकाने पूर्णपणे कोरे राहिले. मला वाटले, की एक तर सगळे व्यवस्थित चालले आहे किंवा आमच्या परिपत्रकावर कोणाचाही विश्वास नाही, आणि वॉर्डात जाऊन पाठी पाहिल्यावर कळले, की दुसरे खरे होते.

चौथ्या आठवड्यात, आमच्याकडे येऊन जेमतेम सात महिने झालेल्या एका मुलीच्या अक्षरात पहिली नोंद आली. तिने लिहिले होते, ‘रात्री २. झाले नाही. सोबत मामा नव्हते, खाली कॅज्युअल्टीला पाठवले होते.’ खाली तिची सही होती आणि वेळ २.२० होती, सकाळची नव्हे. मी त्याच दिवशी रात्रपाळीचे वेळापत्रक मागवले. त्या मजल्यावरचा मामा, म्हणजे वॉर्डबॉय, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खाली पाठवायचा नाही, असा आदेश काढला. त्या मुलीला मी काही बोललो नाही, फक्त आदेशाची प्रत तिच्या तक्त्यामागे लावायला सांगितली. परवापर्यंत त्या रकान्यात आणखी चार जणींच्या नोंदी आल्या आहेत.